औषधदानाला शास्त्राची जोड देणारे प्रा. महादेव लाल श्रॉफ

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांची थोरवी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु दान द्यावयाचे औषध शुद्ध आणि अचूक मापाचे असेल, तरच ते दान ठरते. अन्यथा ती नकळत घडलेली हिंसाच होय. औषध घडविणारे हात शास्त्रशुद्ध रीतीने तयार व्हावेत, यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या प्रा. महादेव लाल श्रॉफ यांचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी उचित ठरेल.

श्रॉफ यांचा जन्म ६ मार्च १९०२ रोजी बिहारमधील दरभंगा येथे झाला. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. त्या काळी औषधे करण्याचे काम बहुधा दवाखान्यातील कंपाउंडर पाहून-पाहून शिकत असे. रंगीत मिश्रणाची बाटली आणि तिच्यावर मात्रा दाखविणारी कागदाची कातरलेली पट्टी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कंपाउंडरच्या निष्ठेविषयी शंका नव्हती. उणीव होती ती पद्धतशीर शिक्षणाची. १९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनेही भेसळ आणि प्रशिक्षित माणसांचा अभाव यांकडे सरकारचे लक्ष वेधले.

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात श्रॉफ यांनी १९३२ मध्ये औषधी रसायनाचे अध्यापन सुरू केले. १९३७ मध्ये तेथे तीन वर्षांचा बी. फार्म. अभ्यासक्रम उभा राहिला. विद्यापीठाच्या पदवीचा मान या विद्येला मिळाला, हे त्यांचे मोठे ऋण होय.

या विद्येचा पाया प्रयोगशाळेत घातला जातो. पोटात घ्यावयाची मिश्रणे, पाके, चूर्णे आणि अंगाला लावावयाची मलमे विद्यार्थी स्वहस्ते करतो. तीव्र औषध अत्यल्प असेल तर ते सर्व भुकटीत एकदम टाकीत नाहीत. प्रथम तेवढ्याच भुकटीत खलून, मग झालेल्या मिश्रणाइतकी भुकटी पुन्हा घालून, असे टप्प्याटप्प्याने वाढवितात. म्हणजे प्रत्येक पुडीत सारखाच अंश येतो. न विरघळणारे औषध तळाशी बसते, म्हणून बाटलीवर हलवून घेण्याची सूचना हवीच. ती राहिली, तर पहिला चमचा निष्प्रभ आणि शेवटचा घातक ठरू शकतो. कापडात बोटभर चूक झाली तर ठाण बदलून देता येते. येथे ती सोय नाही. आपण जिला जयणा म्हणतो, तीच ही सावधानता.

श्रॉफ यांनी १९३९ मध्ये भारतीय औषधशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. पुढे पिलानी येथेही त्यांनी अध्यापन केले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध करण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपविला. श्रॉफ यांनी पेरलेल्या विचाराला कायद्याचे बळ मिळाले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन आज राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

आज बहुतेक औषधे कारखान्यातून तयार येतात. तरीही लहान मुलासाठी मात्रा कमी करावी लागते, एखाद्या रुग्णाला ठरावीक घटक चालत नाही, तेव्हा हीच विद्या कामी येते. बिबवेवाडीतील आपली अनेक मुले-मुली आज फार्मसीचे शिक्षण घेत आहेत. त्यांनी खल हाती घेताना ही परंपरा ध्यानी ठेवावी. औषधाला द्रव्य देणारा दाता आणि ते निर्दोष घडविणारा हात, दोघेही पुण्याचे समान भागीदार आहेत.

या ज्ञानदात्यास विनम्र अभिवादन. जय जिनेंद्र!