वॉल्टर जॉन्सनचं रीडिंग

थर्ड इयरला एका प्रॅक्टिकलमध्ये माझं रीडिंग अख्ख्या बॅचपेक्षा कमी आलं. मीटर बरोबर होता, सेन्सर भलत्याच जागी लावला होता. जर्नल पुन्हा लिहावं लागलं, ते सोडा. पण तेव्हापासून वॉल्टर जॉन्सन मला आपला वाटतो.

कोण हा? बेसबॉलचा पिचर. म्हणजे आपला बोलर, पण टप्पा न पाडता फेकणारा. जन्म १८८७, अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, शेतकऱ्याच्या घरी. १९०७ ते १९२७ असे २१ सीझन तो एकट्या वॉशिंग्टनकडून खेळला, ४१७ सामने जिंकला. लांब हात, खांद्याखालून आडवा फिरणारा. स्वभावाने इतका गरीब, की बॅटरला लागेल म्हणून हाच घाबरायचा! टाय कॉबने हे ओळखलं आणि तो मुद्दाम पुढे सरकून उभा राहायचा.

१९१२ साली त्याला ब्रिजपोर्टच्या लॅबमध्ये नेलं. तिथे बंदुकीच्या गोळ्यांचा वेग मोजत. बॉल आधी तारांच्या जाळीतून जाणार, मग पोलादी प्लेटवर आपटणार. मधला वेळ मोजायचा, बस. उत्तर आलं सेकंदाला १२२ फूट, म्हणजे ताशी साधारण १३४ किलोमीटर. आज अमेरिकेत शाळकरी पोरंही एवढा टाकतात. मग बॅटर उगाच घाबरायचे का?

इथेच सेन्सरची जागा येते. २००६ नंतर मैदानांत कॅमेरे आले, पुढे रडार आलं. हल्ली दिसणारा वेग बॉल हातातून सुटतानाचा असतो. जॉन्सनचा मोजला पल्ल्याच्या शेवटी, हवेने आठ-दहा टक्के खाल्ल्यावर. शिवाय ठरलेल्या चौकटीतूनच बॉल घालायचा, तोही आडव्या हाताने! ‘फास्टबॉल’ या माहितीपटात तो वेग आजच्या पद्धतीत बसवला, तर ताशी ९३.८ मैल निघाला. म्हणजे १५१ किलोमीटर.

पण १९२४ ची वर्ल्ड सिरीज कुठल्या सेन्सरने मोजणार? छत्तिसाव्या वर्षी तो त्यात दोन सामने हरला. सातव्या, निर्णायक सामन्यात नवव्या इनिंगला पुन्हा उतरला, चार इनिंग एकही रन दिली नाही, आणि बाराव्या इनिंगला वॉशिंग्टन जिंकलं.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्याच मैदानावर लष्कराच्या यंत्राने बॉब फेलरचा वेग मोजला. ताशी ९८.६ मैल. जॉन्सन तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. डिसेंबरमध्ये ब्रेन ट्यूमरने तो गेला.