विश्लेषण : गोधडीसाठी शिलाई मशीन घेताय? आधी आयझॅक सिंगर यांची गोष्ट वाचा...

हिवाळ्यात बदलापूरचा पारा मुंबईपेक्षा बराच खाली जातो आणि कपाटातल्या गोधड्या बाहेर निघतात. त्या शिवणाऱ्या आजी मात्र आता अनेक घरांत नाहीत. त्यामुळे नोकरीतून निवृत्त झालेल्या, मुलं मोठी झालेल्या अनेक जणी पन्नाशी-साठीत ही कला नव्याने शिकू पाहतात. जुन्या सुती साड्या घरात असतात, उल्हासनगरसारख्या जीन्सच्या गावात कापडाच्या तुकड्यांचीही कमी नाही. अडतं ते मशीनपाशी. पायाचं घ्यायचं की मोटरचं? नवं की जुनं? दोनशे डिझाइनचं की साधं? दुकानात गेलं की एक नाव हमखास कानावर पडतं, ते म्हणजे सिंगर. या नावाच्या माणसाने १८५० साली घेतलेले काही निर्णय आजही मशीन निवडताना उपयोगी पडतात. कसे, ते पाहू.

आयझॅक सिंगर कोण होते?

आयझॅक मेरिट सिंगर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात झाला. वडील जर्मन स्थलांतरित होते. आयझॅक दहा वर्षांचे असताना आईवडील वेगळे झाले आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी घर सोडून रॉचेस्टर गाठलं. शिक्षण फारसं झालं नाही. एकोणिसाव्या वर्षी ते यंत्रकारागिराकडे उमेदवारीला लागले, पण काही महिन्यांतच तिथून बाहेर पडले, कारण त्यांना नट व्हायचं होतं.

पुढची वीसएक वर्षं या दोन ओढींत गेली. हातात पैसे असले की नाटक आणि संपले की यंत्रशाळा. १८३९ मध्ये इलिनॉयमधल्या कालव्याच्या कामावर असताना त्यांनी खडक फोडण्याचं यंत्र तयार केलं. त्याचे हक्क २,००० डॉलरना विकले गेले. त्या काळात ही मोठी रक्कम होती. त्यातून त्यांनी नाटक कंपनी काढली आणि गावोगाव प्रयोग केले. काही वर्षांत पैसे संपले, कंपनी बंद पडली.

मग शिलाई मशीनकडे ते कसे वळले?

अपघाताने. छपाईसाठी लागणारी लाकडी अक्षरं कोरण्याचं यंत्र त्यांनी बनवलं आणि १८४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण न्यूयॉर्कमध्ये बॉयलरचा स्फोट झाला आणि त्यात यंत्राचा नमुना नष्ट झाला. जॉर्ज झिबर नावाच्या प्रकाशकाने नव्या नमुन्यासाठी पैसे दिले. १८५० मध्ये दोघे ते यंत्र घेऊन बोस्टनला ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात आले. गिऱ्हाईक मात्र मिळेना, कारण लाकडी अक्षरांचा जमाना मागे पडत होता.

त्याच कारखान्यात लेरो आणि ब्लॉजेट यांच्या बनावटीची शिलाई मशीन तयार होत आणि वरचेवर दुरुस्तीलाही येत. त्यात काय चुकतं ते पाहा, असं फेल्प्स यांनी सिंगर यांना सुचवलं. सिंगर यांना सुरुवातीला या यंत्रात रस नव्हता. पण खिसा रिकामा होता आणि वय ३९ व्या वर्षात होतं. तोवरचा एकही उद्योग टिकला नव्हता.

त्या ११ दिवसांत काय घडलं?

आधीच्या मशीनमध्ये शटल गोल फिरायचं, त्यामुळे दोऱ्याला पीळ बसून तो तुटायचा. अनेक मशीनमध्ये सुई वाकडी होती आणि आडवी चालायची. सिंगर यांनी आराखडाच बदलला. शटल सरळ रेषेत पुढे-मागे नेलं. सुई सरळ केली आणि ती वरून खाली चालवली. कापड आडव्या पाटावर ठेवलं. सुई धरणारा दांडा कापडाच्या वरून पुढे येणारा, म्हणजे कमानीसारखा केला. कापड दाबून धरण्यासाठी स्प्रिंगचा फूट बसवला. कापड पातळ असो वा जाड, स्प्रिंगमुळे फूट त्याप्रमाणे खाली-वर होऊ लागला.

झिबर यांच्याकडून घेतलेल्या ४० डॉलरवर हे काम ११ दिवसांत पूर्ण झालं, असं सांगितलं जातं. शेवटच्या रात्री मशीन सुरू केलं तर टाका घट्ट बसेना, दोऱ्याचे सैल फास पडू लागले. कंटाळून सगळे घरी निघाले. वाटेत विषय निघाला आणि सुईच्या दोऱ्याचं टेन्शन नीट लावलंच नाही, हे सिंगर यांच्या लक्षात आलं. ते परत फिरले, स्क्रू आवळला आणि टाका बसला.

आज नवं मशीन घेतल्यावर शिकणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते, की खालून दोऱ्याचा गुंता येतो. कारणही बहुतेक वेळा तेच असतं, वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचं टेन्शन सैल असतं.

म्हणजे शिलाई मशीनचा शोध सिंगर यांचा?

नाही. फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिए यांनी १८३० मध्येच मशीनचं पेटंट घेतलं होतं. त्यांच्या पॅरिसच्या कारखान्यात सैनिकांचे गणवेश शिवले जात. रोजगार जाईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती मशीन फोडून टाकली. अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८३४ च्या सुमारास टोकाला नेढं असलेल्या सुईचं मशीन बनवलं, पण पेटंट घेतलं नाही. इलायस हाऊ यांनी १० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट घेतलं. टोकाला नेढं असलेली सुई आणि खालच्या शटलचा दोरा यांची गाठ कापडाच्या मधोमध बसते, ही त्यातली मुख्य गोष्ट. यालाच लॉकस्टिच म्हणतात.

सिंगर यांना १२ ऑगस्ट १८५१ रोजी पेटंट मिळालं, पण लॉकस्टिच हाऊ यांच्या पेटंटमध्ये होता. हाऊ कोर्टात गेले. १८५४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सिंगर यांना १५,००० डॉलर मोजावे लागले. इतर कंपन्याही एकमेकींविरुद्ध कोर्टात होत्या. शेवटी १८५६ मध्ये प्रमुख कंपन्यांनी आणि हाऊ यांनी आपली पेटंटं एकत्र केली. प्रत्येक मशीनमागे ठरलेली रक्कम हक्कदारांना मिळू लागली.

थोडक्यात, टाका हाऊ यांचा होता. घरात ठेवून रोज चालवता येईल असं मशीन सिंगर यांनी दिलं.

हप्त्यावर मशीन देण्याची कल्पना कुणाची?

सिंगर यांचे भागीदार आणि वकील एडवर्ड क्लार्क यांची. कोर्टाच्या कामाची फी म्हणून क्लार्क यांनी धंद्यात वाटा घेतला होता. मशीनची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. १८५६ मध्ये त्यांनी थोडी रक्कम आधी भरून मशीन घरी न्यायची आणि बाकीचे पैसे दरमहा द्यायचे, अशी सोय केली. जुनं मशीन परत देऊन नवं घेण्याची योजनाही आणली. १८५५ मध्ये कंपनीने ८८३ मशीन विकली होती, १८५६ मध्ये २,५६४. आजचा ईएमआय आणि एक्स्चेंज ऑफर याच वाटेने आले आहेत.

विक्रीची दुसरी युक्ती सिंगर यांच्यातल्या नटाला शोभणारी होती. बायकांना यंत्र चालवता येणार नाही, असा तेव्हा समज होता. सिंगर यांच्या दालनात तरुणी लोकांसमोर मशीन चालवून दाखवत.

सिंगर यांचं खासगी आयुष्य कसं होतं?

वादग्रस्त. पहिलं लग्न १८३० मध्ये झालं. ते कायदेशीर मोडण्याआधीच त्यांचे दुसरे संसार सुरू होते आणि त्या बायकांना एकमेकींची माहिती नव्हती. वेगवेगळ्या स्त्रियांपासून त्यांना वीसहून अधिक मुलं झाली. १८६० मध्ये हे सगळं उघड झालं, अटक झाली आणि ते युरोपला निघून गेले. क्लार्क यांना कंपनीच्या नावाची काळजी होती. १८६३ मध्ये भागीदारी संपून सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि सिंगर रोजच्या कारभारातून बाहेर पडले.

त्याच वर्षी त्यांनी इझाबेला बोये यांच्याशी लग्न केलं. पुढे काही वर्षं पॅरिसमध्ये आणि नंतर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पेंटन गावात ते राहिले. तिथे भव्य वाडा बांधायला घेतला, पण तो पूर्ण होण्याआधीच २३ जुलै १८७५ रोजी त्यांचं निधन झालं.

भारतात आणि आपल्याकडे हे मशीन कसं आलं?

सिंगर यांच्या मृत्यूच्या सुमारास कंपनी भारतात पाय रोवत होती. इथला कारभार बराच काळ एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होता. शिंप्यांच्या दुकानांतून मशीन हळूहळू घरांत आलं. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंगने उषा हे देशी मशीन आणलं. सिंगर मेरिट हे नावही अनेक घरांच्या ओळखीचं आहे. त्यातला मेरिट हा शब्द आयझॅक यांच्या नावातलाच.

यंत्रांवर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये एका मुलाखतीत सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. हे यंत्र माणसाचे कष्ट वाचवतं, हे त्यांचं कारण होतं. हातशिलाईने दमणारी पत्नी पाहून सिंगर यांनी प्रेमापोटी ते बनवलं, असा त्यांचा समज होता. सिंगर यांचं घर पाहता तो समज काही खरा नव्हता. पण कष्ट वाचतात, हे मात्र खरं होतं.

ते उल्हासनगरला वेगळं सांगायला नको. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं आणि छोट्या-छोट्या घरगुती उद्योगांवर शहर उभं राहिलं. पुढे इथला जीन्सचा धंदा मशीनवरच वाढला. सिंधमध्येही आपल्या गोधडीची बहीण शोभेल अशी रल्ली शिवतात. तीही जुन्या कापडाचे तुकडे जोडून आणि धावदोरा घालूनच.

मग गोधडीसाठी मशीन निवडताना काय पाहायचं?

सिंगर यांनी १८५० मध्ये ज्या गोष्टी सोडवल्या, त्याच तपासायच्या.

कमान : सुई आणि मशीनचा उभा खांब यांमधली जागा मोजा. गोधडीची गुंडाळी याच जागेतून जाते. साध्या घरगुती मशीनमध्ये ती साधारण सहा-साडेसहा इंच असते. जितकी जास्त तितकं बरं.

फूट : दाब कमी-जास्त करता येतो का, ते विचारा. थर घसरत असतील तर वॉकिंग फूट मिळतो. तो वरचा थरही खालच्या दात्यांबरोबर पुढे सरकवतो. तो त्या मॉडेलला बसतो का, हे आधीच विचारून घ्या.

टाका : गोधडीला सरळ टाकाच लागतो. तो तीन-चार मिलिमीटरपर्यंत लांब करता आला पाहिजे. डिझाइनच्या संख्येसाठी जादा पैसे देण्याची गरज नाही.

सुई : साड्यांच्या थरांना १६ नंबर, त्यात जीन्स असेल तर १८ नंबर. घरगुती मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, कारखान्यातल्या मशीनची सुई गोल दांड्याची असते. घेताना बदल होऊ देऊ नका.

पाय की मोटर : पायमशीनवर वेग आपल्या हातात राहतो आणि लोखंडी बांध्यामुळे जाड थरांत ते हलत नाही. गुडघे दुखत असतील तर त्याच मशीनला मोटर बसवून घेता येते. कारखान्यातलं जुकी मशीन स्वस्तात मिळालं तरी त्याचा वेग नवशिक्याला झेपत नाही.

जुनं मशीन : चाक हाताने फिरवून पाहा. ते अडखळत नाही ना, सुईचा दांडा डुगडुगत नाही ना आणि बॉबीन-शटल बाजारात मिळतं ना, हे तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानात जाताना घरून साडीचे चार थर आणि जीन्सचा एक तुकडा घेऊन जा. विक्रेत्याच्या पातळ कापडावर सगळीच मशीन छान चालतात. आपल्या थरांवर वितभर शिवून पाहा. वर-खाली टाका सारखा दिसला आणि दोरा तुटला नाही, तर ते मशीन आपल्या कामाचं.

पहिल्याच झटक्यात डबल बेडची गोधडी काढू नका. बाळाचं दुपटं शिवा. थर आधी कच्च्या टाक्यांनी जोडून घ्या आणि शिवण मधून कडेकडे न्या, म्हणजे मधे फुगा येत नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर सिंगर यांची पहिली रात्रही सैल टाक्यांतच गेली होती. त्यामुळे पहिला टाका सैल पडला तर मशीनला किंवा वयाला दोष देण्याआधी टेन्शनचा स्क्रू बघा.