काळ्या मोटारीचा स्वार

शंकरपटातील बैलजोडी पूर्णेच्या शेतकऱ्याला आपल्याच गोठ्यातील वाटते. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतीचे आकर्षणही तसेच. फॉर्म्युला वनची उघड्या चाकांची मोटार परकी. स्टॉक कार मात्र घरच्या मोटारीसारखी दिसते. डेल अर्नहार्ट हा या शर्यतींचा लोकनायक. १९५१ मध्ये उत्तर कॅरोलिनातील कनापोलिस या गिरणगावी त्याचा जन्म झाला. नववीत शाळा सुटली. तीन क्रमांकाच्या काळ्या मोटारीने प्रतिस्पर्ध्याला धक्का देत तो पुढे जाई. उघड्या चाकांना असा स्पर्श घातकच. सात वेळा विजेतेपद मिळाले, पण डेटोना ५०० जिंकायला विसावा प्रयत्न, १९९८, उजाडावा लागला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी तेथेच अखेरच्या फेरीत भिंतीवर आदळून तो गेला. त्या हंगामात तिसऱ्या फेरीला प्रेक्षक तीन बोटे उंचावून निःशब्द उभे राहत.