बालाचडीचे बापू



काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक जोडपे मला भेटायला थांबले. लग्नाला बरीच वर्षे झाली, मूल नाही. दत्तक घेण्याचा विचार पक्का होत आला होता. पण घरातील वडीलधाऱ्यांनी एक शंका काढली होती. तान्हे बाळ मिळाले तर ठीक. पण पाच-सहा वर्षांचे, दुसऱ्या मुलखातले, दुसरी भाषा बोलणारे, जुने घर आठवणारे मूल आणले, तर ते कधी आपले होईल का?

मला पुढच्या गावी मिस्सासाठी पोहोचायचे होते. प्रेम दिले की सगळे होते, असे काहीतरी बोलून मी मोटारसायकल सुरू केली. वाटेत मात्र माझ्याच उत्तराची मला लाज वाटली. शंका खरी होती आणि उत्तर वरवरचे होते. म्हणून आज या पानावर उपदेशाऐवजी एका माणसाची जीवनकथा सांगतो. हा माणूस ख्रिस्ती नव्हता. तो एक हिंदू राजा होता, आणि त्याने परदेशातील शेकडो अनाथ कॅथलिक मुलांना आपल्या घरी आणले.

रणजी करंडक हे नाव वाशीमच्या मुलांना सांगावे लागत नाही. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने तो प्रथमच जिंकला, तेव्हा गल्लोगल्ली आनंद झाला होता. ज्या रणजीतसिंहजींच्या नावाने तो करंडक आहे, ते आजच्या गुजरातमधील नवानगर म्हणजे जामनगर संस्थानचे राजे होते. तेथील राजाला जामसाहेब म्हणत. रणजींनी लग्न केले नाही. त्यांच्या मागून गादीवर आला तो त्यांचा पुतण्या, दिग्विजयसिंहजी. आपली गोष्ट त्यांची आहे.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे इंग्लंडमध्ये त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे त्यांनी सैन्यात काढली. काकांनी त्यांना पुत्र मानून वारस केले आणि १९३३ साली रणजींच्या निधनानंतर ते जामसाहेब झाले. दत्तकाचे सुखदुःख या घराला नवे नव्हते. खुद्द रणजींना लहानपणी आधीच्या जामसाहेबांनी वारस म्हणून घेतले होते आणि पुढे स्वतःला मुलगा झाल्यावर बाजूला सारले होते. गादी मिळण्यासाठी रणजींना कित्येक वर्षे थांबावे लागले. मुलाला जवळ घेऊन पुन्हा दूर लोटले तर काय होते, हे त्या राजवाड्याला ठाऊक होते.

आता थोडे पोलंडकडे वळू. सप्टेंबर १९३९ मध्ये त्या कॅथलिक देशावर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने हल्ला केला. १९४० च्या फेब्रुवारीपासून रशियन सैनिकांनी पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना घरातून उठवले, मालगाड्यांत भरले आणि सैबेरिया, कझाकस्तान यांसारख्या दूरच्या मुलखात नेऊन टाकले. थंडी, उपासमार आणि रोगराईने तेथे असंख्य लोक मेले. पुष्कळदा आईबाप आधी गेले आणि मुले मागे राहिली. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चढाई केली, तेव्हा रशियाला मित्रांची गरज पडली आणि या पोलिश कैद्यांना सोडण्याचा करार झाला. सुटलेली माणसे दक्षिणेकडे निघाली. आजच्या तुर्कमेनिस्तानातील अश्गाबाद शहरात अशा अनाथ मुलांसाठी आश्रम उघडला गेला. पण तेथेही अन्न पुरत नव्हते. मुलांना बाहेर काढणे आवश्यक होते. प्रश्न होता, त्यांना घेणार कोण?

युद्धाचे दिवस होते. जो तो आपल्यापुरते पाहत होता. हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारही कचरत होते. खर्च कोण करणार, मुलांना ठेवायचे कुठे, किती दिवस, असे प्रश्न कागदांवर फिरत होते. जामसाहेब त्या काळी संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे प्रमुख होते आणि युद्धविषयक कामासाठी लंडनलाही जात. तेथील पोलिश नेत्यांकडून त्यांना या मुलांची हकिगत कळली. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. राजकारणाच्या भाषेत सांगायचे तर त्यांना यात काहीच मिळणार नव्हते.

मोबाइलवर या गोष्टीचे एक रूप फिरते. त्यात मुलांचे जहाज बंदराबंदरांवरून हाकलले जाते आणि शेवटी जामसाहेब त्याला किनारा देतात. गोष्ट हृदयाला भिडते, पण बालाचडीची पहिली मुले जहाजाने आलीच नाहीत. ती ट्रकमधून आली, आणि ही खरी हकिगत अधिक मोलाची आहे. मुंबईतील पोलिश वकिलातीने आणि रेडक्रॉसने मदतीचे सामान भरून ट्रक पाठवले. पोलिश वाणिज्यदूताच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांचा या कामात मोठा वाटा होता. ट्रक बलुचिस्तान आणि इराणचे वाळवंट ओलांडून, डोंगर चढून अश्गाबादला पोहोचले. सामान उतरवले आणि परतताना मुलांना घेतले. मशहद, जाहेदान, क्वेट्टा अशी ती वाट दीड हजार किलोमीटरहून लांब होती. आपण वाशीमहून पुण्याला बसने जाताना अंग दुखले म्हणून कुरकुरतो. ही मुले आजारी होती, हाडांची काडे झालेली होती, आणि आपण कुठे चाललो हे त्यांतील लहानग्यांना माहीतही नव्हते.

१९४२ च्या वसंत ऋतूत पहिली मुले मुंबईत पोहोचली. वांद्र्याला त्यांना काही महिने ठेवून औषधपाणी केले गेले, खाऊपिऊ घातले गेले. तोवर जामनगरपासून काही कोसांवर समुद्रकाठी, बालाचडी येथे जामसाहेबांच्या उन्हाळी निवासाजवळ छावणी उभी राहत होती. जुलै १९४२ मध्ये मुले तेथे आली. जामसाहेब स्वतः त्यांना भेटले आणि त्यांनी मुलांना समजावले, की यापुढे स्वतःला अनाथ समजू नका. तुम्ही आता नवानगरची मुले आहात आणि नवानगरच्या सगळ्या लोकांचा मी बापू, तसा तुमचाही बापू आहे. त्या वेळी त्यांचा स्वतःचा मुलगा तीन वर्षांचा होता.

पुढच्या चार वर्षांत सहाशेहून अधिक मुले बालाचडीत राहून गेली. काही अगदी दोन-तीन वर्षांची, काही सोळा-सतराची. खर्चाचा भार जामसाहेबांनी उचललाच, शिवाय इतर संस्थानिकांना आणि दानशूर लोकांनाही गोळा केले.

माझ्या मते खरी शिकण्याची गोष्ट पुढे आहे. या राजाने मुलांना गुजराती बनवले नाही आणि हिंदूही बनवले नाही. हे त्याला सहज जमले असते. मुले लहान होती, उपकाराखाली होती, विरोध करायला मागे कोणी नव्हते. पण त्याने काय केले? शिकवायला पोलिश शिक्षक ठेवले. पोलिश पुस्तकांचे ग्रंथालय केले. मुलांचे स्काउट पथक होते, त्यांची नाटके आणि नाच होत, आणि जामसाहेब ते पाहायला येऊन बसत. छावणीचा प्रमुख म्हणून फादर फ्रान्सिशेक प्लूता हे पोलिश धर्मगुरू होते. मुलांची मिस्सा, प्रार्थना, नाताळ, सारे त्यांच्या मायदेशाच्या रीतीने चाले. आपले तिखट मुलांच्या पोटाला सोसेना, तेव्हा गोव्याहून आचारी आणले गेले.

पालकाची गोष्ट तर त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत सांगितली. जेवणात वारंवार उकडलेला पालक येऊ लागला तेव्हा मुलांनी चक्क संप केला, पालक खाणार नाही म्हणून. बातमी जामसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी मुलांना रागावण्याऐवजी पालक बंद करायला सांगितला. आपण हसतो. पण जरा विचार करा. मूल हट्ट केव्हा करते? हट्ट केला तरी आपल्याला घराबाहेर काढणार नाहीत, अशी खात्री पटल्यावर. सैबेरियाच्या बर्फात त्या मुलांनी मिळेल ते खाल्ले होते. बालाचडीत त्यांनी ताट मागे सारले, कारण ते घर झाले होते.

१९४५ साली युद्ध संपले आणि नवेच संकट आले. पोलंडमध्ये रशियाच्या मर्जीतले सरकार बसले होते आणि ब्रिटनने त्याला मान्यता दिली होती. आता या अनाथ मुलांना परत पाठवा, अशी मागणी होऊ लागली. ज्यांनी आईबापांना घरातून उचलून नेले त्यांच्याच छायेखाली जायला मुले घाबरत होती. मुलांना पालकच नाहीत, मग त्यांच्या वतीने नकार कोण देणार? तेव्हा जामसाहेब, फादर प्लूता आणि छावणीचे काम पाहणारा एक ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून मुलांना कायद्याने दत्तक घेतले. इतके दिवस जे नाते जिव्हाळ्याचे होते ते आता कागदावर आले. राजाला वारस हवा होता म्हणून हे दत्तक झाले नव्हते. मुलांच्या बाजूने उभे राहणारे कोणीतरी हवे होते, म्हणून झाले.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि मुलांना आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे नेण्यात आले. तेथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, दुकाने होती. कोल्हापुरात त्यांच्यातील मृतांच्या कबरी आजही आहेत. १९४८ पर्यंत ही वसाहतही रिकामी झाली. काही मुलांना हयात नातेवाईक सापडले आणि ती पोलंडला गेली. काही इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव राहू लागले. तेच आजचे गांधीनगर. एका निर्वासिताचे अंथरूण दुसऱ्याच्या कामी आले.

जामसाहेबांनी मुलांना धरून ठेवले नाही. ते पुढच्या कामाला लागले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी आपले संस्थान भारतात विलीन केले, १९४८ ते १९५६ या काळात ते सौराष्ट्राचे राजप्रमुख होते, संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांनी देशाचे काम केले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ते राजे होते, ऐश्वर्यात वाढले होते आणि आयुष्याचा मोठा काळ इंग्रजी सत्तेशी जमवून घेत राहिले होते. त्यांना मी संत म्हणणार नाही. पण वॉर्सा शहरात आज त्यांच्या नावाची शाळा आहे आणि चांगल्या महाराजांचा चौक आहे. पोलंडने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान पोलंडला गेले तेव्हा त्यांनी जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या, अशा दोन्ही स्मारकांना वंदन केले. बालाचडीला आता सैनिक शाळा आहे.

त्या जोडप्याच्या शंकेकडे परत येतो. जुने घर आठवणारे मूल आपले होईल का? बालाचडीची मुले पोलंड विसरली नाहीत, आणि बापूंनाही विसरली नाहीत. एका आठवणीने दुसरी पुसली गेली नाही. मूल आपले होण्यासाठी त्याचा भूतकाळ पुसावा लागतो, हीच आपली चूक आहे. तुमच्या घरी असे मूल आले तर त्याचे नाव बदलायची घाई करू नका. जुन्या आईबद्दल बोलले तर गप्प करू नका. त्याला आवडते ते एखादे जेवण करायला शिका. आणि तुम्ही दत्तक आहात हे त्याला शेजाऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका. ते तुम्हीच प्रेमाने सांगा.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वी या बाबतीत कायद्याचा आधार नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा आपल्याला लागू नव्हता; १८९० च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झाले की कायद्याच्या लेखी ते संपे. बाल न्याय कायदा २००० साली आला, २००६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तकाची वाट मोकळी झाली. आता नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे कारा या संस्थेकडे करावी लागते आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. वाशीमला जिल्हा बाल संरक्षण कक्षात माहिती मिळते. कोणी परस्पर, कागदाशिवाय बाळ देतो म्हणाला तर हात जोडून दूर व्हा. जामसाहेबांचे प्रेम खरे होते, तरी मुलांना वाचवले ते शेवटी कागदाने.

आपल्या संत योसेफानेही स्वतःचे नसलेले बाळ उराशी धरून रातोरात परदेश गाठला होता आणि वेळ आल्यावर त्याला मायदेशी आणले होते. ते बाळ कोणाचे, हे त्याला ठाऊक होते. तरी नाझरेथमध्ये लोक येशूला सुताराचाच मुलगा म्हणत.

त्या जोडप्याला मी या आठवड्यात स्वतः घरी जाऊन भेटणार आहे, आणि या वेळी मोटारसायकल बंद करून बसणार आहे. तुम्ही त्यांच्यासाठी, आणि ज्या मुलांची वाट कोणीच पाहत नाही त्यांच्यासाठी, आजच्या मिस्सात एक प्रार्थना करा.

आपला,
धर्मगुरू