रेल्वे अडवणारा मेकॅनिकलवाला

मित्रांनो, येवला स्टेशनातून जाणारा दौंड–मनमाड लोहमार्ग आपल्या सगळ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. दिवाळीला घरी पळताना आणि सबमिशनसाठी नाइलाजाने परत येताना आपण याच रुळांवरून येतो-जातो. हा मार्ग मोठ्या दुष्काळाच्या काळात, १८७८ साली सुरू झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १८८० रोजी, हा मार्ग ज्या नगर जिल्ह्यातून पुढे जातो त्याच जिल्ह्यातल्या पारनेरला पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म झाला. आपण त्यांना सेनापती बापट म्हणतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे नाव ठाऊक असतं ते रस्त्यामुळे. पुण्यात सेनापती बापट रोड आणि मुंबईत सेनापती बापट मार्ग. फार तर शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा. पण हा माणूस इंजिनिअरिंगचा, तोही मेकॅनिकलचा विद्यार्थी होता, आणि एका मोठ्या प्रकल्पाच्या कामावर जाणारी रेल्वे अडवली म्हणून त्यांनी सात वर्षांची शिक्षा भोगली, हे किती जणांना माहीत आहे?

आज त्यांची आठवण काढायला कारणही तसंच आहे. सध्या आपल्या भागात चहाच्या टपरीपासून ग्रामपंचायतीच्या पारापर्यंत वेगवान रेल्वेची चर्चा चालते. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं काम सुरू आहे. २०२० साली अशाच आणखी सात मार्गांचा अभ्यास हाती घेतला गेला, त्यात नाशिक जिल्ह्यातून जाणारा मुंबई–नागपूर मार्गही होता. पुणे–नाशिक सेमी हायस्पीडचं तर विचारूच नका. वर्गात आपण वेग, पूल, बोगदे, सिग्नल यांवर तासन् तास बोलतो. पण ती रेघ ज्याच्या शेतातून जाते त्याचं काय, या प्रश्नाला सिलॅबसमध्ये मार्क नाहीत. शंभर वर्षांपूर्वी बापटांनी नेमका हाच पेपर सोडवायला घेतला होता.

बापटांचं घर बेताच्या परिस्थितीतलं, पण मुलगा अभ्यासात हुशार. नगरला शालेय शिक्षण झालं आणि पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तिथेच क्रांतिकारक विचारांच्या मित्रांशी ओळख झाली आणि तलवार साक्षी ठेवून देशासाठी जगायची शपथ घेतली गेली. पुढे मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली बापट विलायतेला निघाले. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या हेरियट-वॅट कॉलेजात त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला नाव घातलं. त्या काळी पारनेरहून एडिंबरोला जाणं म्हणजे काय असेल, कल्पना करा! चुपचाप शिकून परत आले असते तर मोठी नोकरी, बंगला, मानमरातब सगळं मिळालं असतं.

पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानची काय अवस्था झाली आहे यावर त्यांनी तिथेच जाहीरपणे मांडणी केली. झालं, शिष्यवृत्ती बंद! मग लंडनचं इंडिया हाऊस, श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांचा सहवास. तिथून बापट पॅरिसला गेले आणि बंगालच्या हेमचंद्र दास कानुनगो यांच्याबरोबर एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्ब बनवण्याची विद्या शिकले. १९०८ साली ते भारतात परतले. लवकरच अलीपूर बॉम्ब खटल्याच्या तपासात त्यांचं नाव पुढे आलं आणि काही वर्षं भूमिगत राहावं लागलं. १९१२ साली अटक झाली, पुढे सुटका झाली.

सुटून आल्यावर या विलायती शिक्षण घेतलेल्या माणसाने काय करावं? पारनेरचे रस्ते झाडायला घेतले. पहाटे उठून झाडू, टोपली आणि गावची घाण. ज्या काळात हे काम कोणी करायचं हे जातीवरून ठरत होतं, त्या काळात बापट ते रोज करत. लोक हसले, नावंही ठेवली. गावातल्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला जे करावं लागतं ते आधी स्वतः करून बघायचं, ही त्यांची सवय लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत ती कामाला येते.

आता मुळशी. पुण्याच्या पश्चिमेला मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीला धरण बांधायचं होतं. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं, ते कोकणात भिऱ्याला खाली सोडायचं, त्यावर जनित्रं फिरवायची आणि वीज मुंबईला न्यायची. इंजिनिअर म्हणून बघाल तर योजना अव्वल. उंची आहे, पाऊस आहे, गिऱ्हाईकही तयार आहे. फक्त ज्या खोऱ्यात पाणी साठणार होतं तिथे पन्नासेक गावं होती, दहा हजारांच्या घरात माणसं होती आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं होती.

जमीन घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. सरकारने एकदा सार्वजनिक काम म्हटलं की शेतकऱ्याच्या हो-नाहीला काही किंमत नव्हती. वाद फक्त पैशांचा करायचा. त्यातही जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांमध्ये चाचणीचे चर खोदले गेले. आपल्या बांधावर कोणी न विचारता खुंटी ठोकली तर घरात काय वातावरण होतं, हे शेतकऱ्यांच्या पोरांना वेगळं सांगायला नको.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. योगायोग बघा, बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली तीही १६ एप्रिललाच, १८५३ साली. विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. शिवरामपंत परांजपे यांच्यासारखे नामांकित संपादकही त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. बापट तर या लढ्याचा प्राणच झाले. सेनापती ही पदवी त्यांना इथेच मिळाली आणि पुढे नावालाच चिकटली. बायाबापड्या, म्हातारी माणसं कामाच्या जागी आडवी पडत होती. काम काही महिने थांबलंही. पण डिसेंबर १९२१ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग.

लढा हळूहळू का दमला? याचं एक कारण आजही डोळे उघडणारं आहे. मुळशीतली बरीच जमीन कागदावर सावकारांच्या नावाने होती. त्यातले अनेक जण पुण्यात राहत. त्यांना भाव चांगला मिळाला की प्रश्न संपत होता. जो मावळा पिढ्यान् पिढ्या तीच खाचरं कसत होता, त्याचं नाव सातबारावर नव्हतं किंवा कर्जात अडकलेलं होतं. भरपाईचा पैसा एकाकडे आणि विस्थापन दुसऱ्याकडे, असा तो हिशेब होता. ज्याची जमीन आणि ज्याचं जगणं, ही दोन वेगळी माणसं असू शकतात हे मोजणीच्या नकाशावर दिसत नाही.

सगळे मार्ग संपत आले तेव्हा बापटांनी शेवटचा निर्णय घेतला. १९२४ च्या अखेरीस मोजक्या साथीदारांसह त्यांनी धरणाच्या कामावर जाणारी रेल्वे अडवली. हातात शस्त्रं होती. पळून जायचा विचार नव्हता, ते स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९३१ साली ते बाहेर आले. तोवर धरण बांधून झालं होतं. १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली होती. गावं पाण्याखाली गेली होती.

इथे खरं बोललं पाहिजे. शस्त्र घेऊन गाडी अडवणं बरोबर होतं का? त्या गाडीतून जाणारे मजूरही हातावर पोट असलेलेच होते. गांधीजींच्या मार्गात ते बसणारं नव्हतं आणि त्या काळीही अनेकांना ते पटलं नाही. बापटांचं मत वेगळं होतं. स्वतःचा बळी द्यायची तयारी असेल आणि काही लपवायचं नसेल तर असा प्रतिकारही शुद्ध सत्याग्रहात येतो, असं ते मानत. आपल्याला ते पटलंच पाहिजे असं नाही, मलाही पूर्णपणे पटत नाही. पण तीन वर्षं शांतपणे बसलेल्या माणसांचं कोणी ऐकलं असतं, तर ती वेळ आली असती का, हा प्रश्न उरतोच.

पुढचं आयुष्यही काही विसाव्याचं नव्हतं. पुन्हा तुरुंग, फॉरवर्ड ब्लॉक, हैदराबादचा लढा. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा त्यांच्या हातून फडकला. पंचाहत्तरीच्या आसपास असताना ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मुंबईत त्यांच्या नावाचा जो रस्ता आहे, तो पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागूनच जातो.

मग मुळशी हरली म्हणून विषय संपला का? नाही. १८९४ चा तो कायदा तब्बल १२० वर्षं चालला. त्याच्या जागी २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आहे, पुनर्वसन आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाधित कुटुंब म्हणजे फक्त सातबारावाला नाही. त्या जमिनीवर तीन वर्षं ज्यांचं पोट आहे असे कूळ आणि शेतमजूरही त्यात येतात. मुळशीच्या मावळ्याला जे मिळालं नाही, ते निदान कागदावर तरी आलं. अर्थात सरकारी प्रकल्पाला शेतकऱ्यांच्या संमतीची अट नाही, आणि रेल्वेसारख्या कामांना यातल्या काही पायऱ्या वगळताही येतात, हेही माहीत असू द्या.

बुलेट ट्रेनचंच बघा. एकूण ५०८ किलोमीटर, ताशी ३२० चा वेग, बारा स्टेशनं. मार्ग बहुतेक खांबांवरून जात असल्यामुळे जमिनीची पट्टी साधारण १७.५ मीटर रुंद लागते. आपल्याला वाटतं, एवढीशी तर पट्टी! पण पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी गावांनी ग्रामसभेत विरोधाचे ठराव केले ते उगाच नाही. दोन एकरवाल्याच्या शेताच्या मधून पट्टी गेली की दोन्ही बाजूंना उरतात त्रिकोणी तुकडे, जिथे औत फिरत नाही. गाडी गावात थांबणार नाही, तिकीट परवडणार नाही, पण धूळ, सुरुंग आणि डंपर मात्र दारातून जाणार.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुणे–नाशिक मार्ग घ्या. ताशी २०० किलोमीटर वेगाची ही योजना. सिन्नर, संगमनेर भागात मोजण्या झाल्या, काही जमिनींची खरेदीही झाली. नंतर लक्षात आलं की नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला या रेल्वेचा अडथळा होईल. मग मार्ग शिर्डी, अहिल्यानगरकडून न्यायचं ठरलं. दुर्बीण वाचली पाहिजे, यात वाद नाही. ती काही एका रात्रीत उगवलेली नव्हती, नकाशावर आधीपासून होतीच! मग ज्याने मोजणी झाल्यापासून विहीर खोदायची थांबवली, मुलीचं लग्न मोबदल्याच्या भरवशावर धरलं, त्याच्या या वर्षांचा मोबदला कोणत्या कलमाखाली द्यायचा?

आपल्या येवला तालुक्यात उद्या अशी रेघ आली तर ती काय काय कापेल? पालखेड डाव्या कालव्याच्या चाऱ्या कापेल. एका गटातल्या विहिरीवरून दुसऱ्या गटातल्या कांद्याला पाणी नेणारी पाइपलाइन कापेल. मळ्यातून शाळेत जायची पाऊलवाट कापेल. भराव टाकला तर पावसाचं पाणी एका बाजूला तुंबेल. यातली एकेक गोष्ट सोडवता येते मित्रांनो! मोरी कुठे द्यायची, भुयारी रस्ता ट्रॅक्टर जाईल इतका उंच ठेवायचा की नाही, पाइपलाइनसाठी आधीच नळा सोडायचा की नाही, हे शेवटी कोणीतरी इंजिनिअरच ड्रॉइंगवर ठरवतो. आणि तो इंजिनिअर चार-पाच वर्षांनी तुमच्या-आमच्यातलाच असणार आहे.

रेल्वे नको असं इथे कोणी म्हणत नाही. दौंड–मनमाड नसता तर आपण हॉस्टेलवर तरी कसे आलो असतो? आपल्याला बापटांसारखी गाडी अडवायची नाही. पण गाडी अडवायची पाळी कोणावर येऊ नये, हे बघणं आपल्या हातात आहे. साइटवरच्या पहिल्या दिवशी टोटल स्टेशन लावायच्या आधी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला राम राम घाला. जमीन कोणाची हे तलाठी सांगेल. कसतो कोण, पाणी कुठून येतं आणि वाट कुठून जाते, हे त्या माणसालाच विचारा. आणि तो जे सांगेल ते फक्त ऐकून सोडू नका, ड्रॉइंगवर उतरवा.