कुलूपवाल्याचा मुलगा

आमच्या घरच्या बॅटरीच्या बल्बवर बारीक अक्षरांत ३ व्होल्ट, ०.३ अँपिअर असे लिहिले आहे. गुरुजी म्हणाले, दाबाला प्रवाहाने भाग. उत्तर १० आले. पेटलेल्या बल्बच्या तारेचा रोध १० ओहम. दोन्हींचा गुणाकार केला तर ०.९ वॅट, ही त्याची शक्ती. पण ओहम म्हणजे काय बुवा? ते तर एका मास्तरांचे नाव निघाले!

जॉर्ज सायमन ओहम १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीत एर्लांगेन येथे जन्मले. वडील कुलपे बनवत. ते स्वतःच वाचून गणित शिकले होते, तेच त्यांनी पोरांना शिकवले.

पुढे ओहम कोलोनच्या शाळेत शिकवू लागले. तिथे ते कमी-जास्त लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजायचे. पण त्या वेळच्या विद्युतघटांचा दाब सारखा खाली-वर व्हायचा. सगळी मापे चुकायची. मग त्यांनी तांबे आणि बिस्मथ जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. झाले, दाब एकसारखा मिळू लागला! मला ही युक्ती फार आवडली. तार लांब केली की रोध वाढतो आणि प्रवाह कमी होतो, हे त्यांना नीट मोजता आले.

१८२७ मध्ये त्यांनी पुस्तक छापले. त्यांच्याच देशात फारशी कदर झाली नाही. ते मनाला लागून त्यांनी नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले. म्युनिकला प्राध्यापक झाले तेव्हा वय ६३! दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी ते वारले.

१८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या मापाला त्यांचे नाव मिळाले.