डाव्या हाताचा नेमबाज

आमच्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारी हुरड्यावर आली, की शेताशेतांतून मचाणे उभी राहत. वाशीम जिल्ह्यातील इंझोरी गावीही तसेच असे. तांबडे फुटण्यापूर्वी मुले मचाणावर चढत आणि गोफणीने खडे भिरकावून कणसांवर उतरणारी पाखरे हाकलून लावीत. ज्याचा खडा नेमका हवा तेथे पडे, त्याची साऱ्या शिवारात नेमबाज म्हणून ख्याती होई. परंतु याच नेमबाजाच्या उजव्या हातातील गोफण काढून ती डाव्या हातात दिली, तर काय होई? खडा पुढे जाण्याऐवजी भलतीकडेच जाई, आणि मचाणाखाली उभ्या असलेल्या सोबत्याला जीव घेऊन पळावे लागे. हा प्रयोग मी लहानपणी स्वतः केला आहे व त्याबद्दल वडीलधाऱ्यांची बोलणीही पोटभर खाल्ली आहेत. तुमच्याजवळ गोफण नसेल, तर डाव्या हाताने फळ्यावर आपले नाव लिहून पाहा. जे अक्षर उमटेल, त्याकडे पाहून तुमचे तुम्हालाच हसू येईल.

उजव्या हाताने शिकलेली विद्या डाव्या हाताला ठाऊक नसते. ती त्याला पहिल्या धड्यापासून शिकवावी लागते. हंगेरी देशातील एका सैनिकाने ती आपल्या डाव्या हाताला कशी शिकवली, त्याची ही हकिकत आहे.

या सैनिकाचे नाव कारोय टाकाच. रोमन लिपीतील त्याच्या नावाची अक्षरे इंग्रजी रीतीने वाचून पुष्कळजण त्याला कॅरोली टाकाक्स म्हणतात. पण त्याच्या मायबोलीत त्याचा उच्चार कारोय टाकाच असा होतो. हंगेरीच्या लोकांची एक रीत आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखी आहे. ते आडनाव आधी व नाव नंतर लिहितात. टाकाच या शब्दाचा अर्थ विणकर. आपल्याकडे कोष्टी हे आडनाव असते, तसेच हे.

कारोयचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्ट शहरात झाला. डॅन्यूब नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले हे शहर त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विशाल साम्राज्यात होते. कारोय चार वर्षांचा असताना पहिले महायुद्ध पेटले आणि तो आठ वर्षांचा असताना ते साम्राज्य मोडून पडले. मोठा झाल्यावर तो सैन्यात भरती झाला. तेथे पिस्तूल चालवण्यात त्याचा हात असा काही बसला, की देशातील उत्तम नेमबाजांत त्याची गणना होऊ लागली.

नेमबाजीचा हा खेळ म्हणजे शिकार नव्हे, आणि गलोलीने चिमण्या टिपणे तर नव्हेच नव्हे. कागदाच्या किंवा पुठ्ठ्याच्या फलकावर नेम धरायचा, आणि मध्याच्या जितके जवळ जावे तितके गुण अधिक मिळवायचे, असा हा खेळ आहे. त्याचे नियम फार कडक असतात. पंचाची आज्ञा झाल्याखेरीज पिस्तुलात गोळी भरायची नाही, पिस्तुलाचे तोंड फलकाखेरीज अन्य कोठेही वळवायचे नाही. एवढेही ज्याला पाळता येत नाही, त्याला मैदानाबाहेर काढतात. या खेळात अंगातील बळापेक्षा स्थिरता अधिक लागते. किलोभर वजनाचे पिस्तूल एका हाताने ताठ धरायचे, श्वास आवरायचा, आणि इतर बोटे जराही न हलवता केवळ तर्जनीने चाप ओढायचा. पिस्तुलावर नेम धरण्यासाठी पुढे एक खुंट व मागे एक खाच असते. त्यांच्यामधील अंतर वीतभर, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर धरा. पुढचा खुंट केवळ एक मिलिमीटर ढळला, तर पंचवीस मीटरवरील फलकावर गोळी साडेबारा सेंटिमीटर दूर जाते. हे गणित तुम्ही स्वतः मांडून पाहू शकाल.

१९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. त्यांत हंगेरीच्या नेमबाजांचा संघ जाणार होता. कारोयचा हात तयार होता, गुण भरपूर होते. पण त्याला संघात घेतले नाही. कारण एवढेच, की तो सैन्यात सार्जंट, म्हणजे आपल्याकडील हवालदाराच्या पायरीवरचा होता. त्या देशातील त्या वेळच्या नियमाप्रमाणे ऑलिंपिकला जाण्याचा मान फक्त वरच्या अधिकाऱ्यांना होता. नेम कोणाचा अचूक आहे हे फलक सांगतो, आणि फलक खांद्यावरच्या फिती पाहत नाही. ही साधी गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही. कारोय घरी राहिला, आणि बर्लिनचे ते सुवर्णपदक जर्मनीच्या एका नेमबाजाने नेले.

पुढे तो नियम उठला. १९४० सालचे सामने जपानमधील टोकियो शहरी व्हायचे ठरले होते. आता कारोयची वाट मोकळी झाली होती आणि त्याने सरावाला जोराने आरंभ केला होता.

अशात १९३८ साल उजाडले. सैन्याच्या कवायतीत हातबॉम्ब फेकण्याचे शिक्षण चालले होते. कारोयच्या वाट्याला आलेला बॉम्ब सदोष निघाला. तो फेकण्यापूर्वीच त्याच्या उजव्या हातात फुटला. हाताच्या चिंधड्या झाल्या. ज्या हाताने त्याने इतकी वर्षे नेम धरला, तो हात क्षणार्धात गेला. त्या वेळी त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

सुमारे महिनाभर तो रुग्णालयात होता. त्या दिवसांत त्याच्या मनात काय काय आले असेल, ते त्याचे त्याला ठाऊक. दोन वर्षांपूर्वी हात असून संधी नव्हती. आता संधी आली, तर हात नव्हता. मित्र भेटायला येत, हळहळत आणि जात. नेमबाज टाकाच संपला, असे सर्वांनी धरले होते.

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने डाव्या हातात पिस्तूल घेतले. ही गोष्ट त्याने कोणाला कळू दिली नाही. लोकांच्या दयेचा व सल्ल्याचा माणसाला कधी कधी फार भार होतो. म्हणूनही त्याने हे गुप्त ठेवले असेल. एकेकाळच्या निष्णात नेमबाजाला आता चाप कसा ओढावा, येथपासून आरंभ करायचा होता. नुसता हात बदलून भागत नाही. उभे राहण्याची ढब बदलते, खांदा बदलतो, अंगाचा तोल बदलतो, आणि ज्या डोळ्याने नेम धरायची सवय जडलेली असते, त्याच्याशी नव्या हाताचा मेळ नव्याने घालावा लागतो. शिवाय पिस्तुलात गोळ्या भरणे, फलक लावणे ही कामे करायला आता दुसरा हात नव्हता. हे सारे सोसत तो दिवसामागून दिवस सराव करीत राहिला.

येथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या लहानपणी शाळांतून एखादा डावखुरा मुलगा डाव्या हाताने लिहू लागला, तर त्याच्या बोटांवर छडी बसे. डावा हात म्हणजे कमी प्रतीचा, अशी तेव्हा समजूत होती. त्या छड्या मारणाऱ्यांना टाकाचची गोष्ट ठाऊक असती, तर किती बरे झाले असते!

१९३९ सालच्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा भरली. कारोय तेथे आलेला पाहून जुन्या सोबत्यांना गहिवरून आले. हात गमावूनही हा आपला खेळ पाहायला आला, याचे त्यांना कौतुक वाटले. त्यांनी त्याचे सांत्वन केले, आल्याबद्दल आभारही मानले. त्यावर कारोयने त्यांना सांगितले, की तो खेळ पाहायला आलेला नाही, त्यांच्याशी स्पर्धा करायला आलेला आहे. ते ऐकून ते चकित झाले. स्पर्धा संपली तेव्हा मात्र त्यांना बोलायला शब्दच उरले नाहीत. कारण राष्ट्रीय अजिंक्यपद डाव्या हाताच्या कारोयने मिळवले होते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत हंगेरीचा पिस्तूल संघ विजयी झाला. त्या संघातही तो होता.

आता ऑलिंपिक! पण दैवाचे फेरे अजून संपले नव्हते. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० चे सामने रद्द झाले, १९४४ चेही रद्द झाले. युद्धाच्या अखेरीस बुडापेस्टला वेढा पडला आणि त्या सुंदर नगरीची धूळधाण झाली. डॅन्यूबवरचे पूल कोसळले. कारोयच्या उमेदीची दहा वर्षे अशी निघून गेली.

१९४८ साली लंडन येथे बारा वर्षांच्या खंडानंतर ऑलिंपिक सामने भरले. इंग्लंडमध्येही तेव्हा अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळत असे. नवी मैदाने बांधायला पैसा नव्हता, म्हणून होती तीच वापरली. नेमबाजीच्या स्पर्धा लंडनबाहेर बिझ्ली नावाच्या ठिकाणी झाल्या. कारोय आता अडतीस वर्षांचा होता.

तो ज्या प्रकारात उतरला, त्याला जलद नेमबाजी म्हणतात. नेमबाजापासून पंचवीस मीटरवर पाच फलक ओळीने उभे असतात. आरंभी त्यांची कड त्याच्याकडे असते. नेमबाज पिस्तुलाचा हात खाली सोडून वाट पाहतो. एकाएकी पाचही फलक वळून त्याच्या समोर येतात. लगेच हात उचलून प्रत्येक फलकावर एकेक, अशा पाच गोळ्या मारायच्या. आधी त्यासाठी आठ सेकंद मिळतात, मग सहा आणि शेवटी केवळ चार. चार सेकंद म्हणजे गुरुजींनी हजेरीतील चार नावे पुकारावीत, इतका वेळ. तेवढ्यात पाच फलक, पाच नेम, पाच गोळ्या! एकूण साठ गोळ्या आणि गुण सहाशे. याच प्रकारात पुढे २०१२ साली, लंडनमध्येच, आपल्या भारतीय सेनेतील सुभेदार विजय कुमार यांनी रौप्यपदक मिळवले. आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई सामन्यांत पंचवीस मीटर पिस्तुलाच्या महिलांच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल.

लंडनच्या स्पर्धेत सर्वांच्या नजरा अर्जेंटिना देशाच्या साएन्झ व्हॅलिएंते या खेळाडूवर खिळल्या होत्या. तो त्या वेळचा जगज्जेता होता आणि जागतिक उच्चांकही त्याच्याच नावावर होता. डाव्या हातात पिस्तूल घेतलेल्या कारोयला पाहून त्याला नवल वाटले. त्याने कारोयला तेथे येण्याचे कारण विचारले. कारोयने विनयाने उत्तर दिले, की तो शिकायला आला आहे.

नंतर स्पर्धा झाली. कारोयने ६०० पैकी ५८० गुण मिळवले. जुना जागतिक उच्चांक त्याने एकदम दहा गुणांनी मागे टाकला. व्हॅलिएंतेला ५७१ गुण मिळाले व तो दुसरा आला. पदकदानाच्या वेळी त्याने कारोयला हसून सांगितले, की त्याचे शिकणे आता पुरेसे झाले आहे. हरल्यावर असे मोकळे हसता येणे हेही सोपे नाही. त्या अर्जेंटिनाच्या खेळाडूविषयी मला म्हणूनच आदर वाटतो.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे कारोय पुन्हा उभा राहिला. हेलसिंकीचे नाव महाराष्ट्राला विसरता येणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी याच सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खाशाबांना तेथे पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले होते. ज्या सामन्यांत गोळेश्वरचा मल्ल आखाड्यात उतरला, त्याच सामन्यांत बुडापेस्टचा हा एका हाताचा नेमबाज फलकांसमोर उभा होता.

या वेळी लढत फार अटीतटीची झाली. कारोयला ५७९ गुण मिळाले. त्याच्या पाठोपाठ ५७८ गुणांवर दोघेजण होते. केवळ एका गुणाने त्याने सुवर्णपदक राखले. जलद नेमबाजीचे सुवर्णपदक लागोपाठ दोन ऑलिंपिक सामन्यांत जिंकणारा तो पहिला नेमबाज ठरला. त्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. त्या दोघांपैकी ज्याने रौप्यपदक मिळवले, तो सिलार्द कुन हंगेरीचाच होता. तो अवघा सतरा वर्षांचा होता आणि त्याला शिकवणारा गुरू होता खुद्द कारोय टाकाच! शिष्याने आणखी एकच गुण मिळवला असता, तर गुरूच्या बरोबरीला येऊन उभा राहिला असता. त्या दिवशी कारोयला कोणत्या पदकाचा आनंद अधिक झाला असेल? आम्हा शिक्षकांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार वेळ लागत नाही.

१९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे तो तिसऱ्यांदा ऑलिंपिकला गेला. हंगेरीत त्या वेळी मोठा उठाव होऊन रक्तपात झाला होता, आणि तेथील खेळाडूंची मने घराकडे लागली होती. कारोयही आता शेहेचाळीस वर्षांचा होता. त्याला आठवा क्रमांक मिळाला. तरी त्याने पिस्तूल खाली ठेवले नाही. १९५८ च्या जागतिक स्पर्धेत त्याने पुन्हा पदक मिळवले. आपल्या देशाची राष्ट्रीय अजिंक्यपदे तर त्याने एकंदर पस्तीस वेळा जिंकली.

स्वतःचा खेळ आवरता घेतल्यावर तो तरुणांना नेमबाजी शिकवू लागला. ज्या सैन्यात सार्जंट असल्यामुळे त्याला एकदा डावलले गेले होते, त्याच सैन्यातून तो लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्ट येथे त्याचे निधन झाले. वयाची सहासष्ट वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा सोळा दिवस उरले होते.